रंगाखालचा नंबर

पहिल्यांदा खोली बघायला गेलो तेव्हा सिस्टर "बसा" म्हणाल्या आणि मी व बाबा बसायला जागा शोधू लागलो. समोरच्या खोलीत खुर्ची नव्हती, दिवाण नव्हता, सतरंजीसुद्धा नव्हती. तिथं फक्त एक जीप उभी होती. जुनी, पांढरी, मागं समोरासमोर दोन बाकं असलेली. सिस्टरनी तिचं मागचं दार उघडलं, एका बाकावरची चादर झटकली आणि पुन्हा म्हणाल्या, "बसा नं. कायले उभे हाय?"

आम्ही जीपमध्ये चढून बसलो. बाबांनी चपला खाली काढून ठेवल्या. चहा बाजूच्या खिडकीतून आत आला. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच, त्यामुळे खोली घेताना काय काय विचारायचं असतं ते बाबांना माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं. बाबांनी बराच वेळ इकडंतिकडं बघितलं आणि विचारलं, "ताई, हे गाडी चालू हाय का?"

सिस्टर तेव्हा पहिल्यांदा हसल्या. "चालू नसती तं घरात कायले ठेवली असती?"

मला अजून वाटतं की खोली मला त्या प्रश्नामुळेच मिळाली.

सिस्टर म्हणजे माझ्या घरमालकीणबाई. यवतमाळात दारव्हा रोडकडच्या एका गल्लीत त्यांचं घर. नर्स म्हणून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण गल्लीत, किराणा दुकानात, गॅरेजात सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. नोकरीची बहुतेक वर्षं त्यांनी झरी जामणी तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात काढली होती. मी त्याच तालुक्यातली. ही जीप त्या आरोग्य केंद्राची रुग्णवाहिका. जंगलातल्या रस्त्यांनी ती खिळखिळी झाली, सरकारनं निकामी ठरवली आणि लिलावात काढली.

"लिलावाले सारे भंगारवाले आलते," सिस्टर सांगत. "एक जन म्हने, सिस्टर, आमाले सुई टोचाले आल्या का? म्हटलं, नाही बापू, तुमच्या हातून पेशंट सोडवाले आली."

त्यांनी जीप घेतली. निवृत्त होऊन यवतमाळला आल्या तेव्हा ती ठेवायची कुठं हा प्रश्न आला. अंगण नव्हतं आणि गल्ली अरुंद. त्यांनी बैठकीची रस्त्याकडची भिंत पाडून तिथं शटर बसवलं आणि जीप बैठकीत आणून उभी केली. मग बैठकीतलं सामान काढून टाकावं लागलं. मला हे सगळं ऐकून विचारावंसं वाटे की गाडीसाठी कुणी घराची भिंत पाडतं का. पण मी सहसा विचारत नाही. मी बघत राहते.

बघण्यासारखं तिथं खूप होतं.

त्या घरात घराचं सामान आणि गाडीचं सामान असं वेगळं नव्हतं. खायच्या सोड्याची बरणी एकच. त्यातला चिमूटभर सोडा हरभऱ्याच्या डाळीत पडे आणि चमचाभर गरम पाण्यात मिसळून बॅटरीच्या टोकांवर, कारण तिथं हिरवटपांढरी बुरशी धरते. नळ गळायला लागला की सिस्टर जुन्या ट्यूबचा गोल तुकडा कापून आत बसवत. दार करकरलं की काचेच्या सिरिंजमध्ये ऑइल भरून बिजागरीत सुई घालत आणि हळूहळू दट्ट्या दाबत. दाराला विचारतही, "दुखून राह्यलं का?" वायपरचं जुनं रबर काठीला बांधून त्या ओटा निपटत. लाइट गेली की जीपच्या बॅटरीवरून ओढलेल्या वायरीवर स्वयंपाकघरात छोटा दिवा लागे आणि आम्ही त्या उजेडात भाकरी खायचो. जेवताना त्या म्हणत, "पाह्य, गाडी आपल्याले जेवू घालून राह्यली."

गाडी धुण्याची त्यांची पद्धत मी दुसरीकडं कुठंच पाहिली नाही. यवतमाळला नळ कधी येईल ते नळालाच माहीत. म्हणून सिस्टर जीपला अंघोळ घालत ती पलंगावरच्या पेशंटला घालतात तशी. अर्धी बादली पाणी, दोन फडके. एक ओला, एक कोरडा. आधी तोंड, म्हणजे काच आणि दिवे. मग एक बाजू पुसायची, लगेच कोरडी करायची, मगच दुसरीकडं वळायचं. चाकं सगळ्यात शेवटी. चाकांचा फडका तोंडाला लागलेला त्यांना चालत नसे. मी एकदा चुकून लावला तर म्हणाल्या, "तुह्या तोंडाले पायपुसनं लावू का?"

हत्यारं स्टीलच्या झाकणाच्या ट्रेमध्ये, हिरव्या कापडावर, लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं मांडलेली. ऑपरेशनच्या वेळी नर्स कैच्या मोजून देते आणि मोजून परत घेते, म्हणे. तसंच इथं होतं. बॉनेट उघडताना पाने मोजायचे आणि बंद करायच्या आधी पुन्हा मोजायचे. "पोटात कैची राह्यली तं पेशंट जाते, इंजिनात पाना राह्यला तं गाडी." एका रविवारी बारका स्क्रू-ड्रायव्हर कमी भरला. बॉनेट बंद करायला मनाई. आम्ही जीपखाली पाहिलं, कोपरे झाडले, ट्रे उपडा केला. मी अभ्यासाला बसायला गेले तर परत हाक मारली. शेवटी त्या वाकून टायरमागं बघत होत्या तेव्हा मला तो दिसला. त्यांच्या अंबाड्यात खोचलेला होता.

"सिस्टर, केसात हाय," मी हळूच म्हटलं.

त्यांनी हात लावून पाहिला, काढला, ट्रेमध्ये जागेवर ठेवला. "गाडीच्या पोटात नाही नं? मग झालं," म्हणाल्या आणि बॉनेट लावलं.

एकदा त्यांनी स्टेथोस्कोप माझ्या कानात घातला आणि दुसरं टोक चालू इंजिनावर टेकवलं.

"काय ऐकू येऊन राह्यलं?"

"आवाज."

"आवाज तं गल्लीतल्या कुत्र्यालेही येते. कसा आवाज?"

मी खूप वेळ ऐकत राहिले. मग भीत भीत म्हटलं, "आमच्याकडं तुरीच्या शेंगा काठीनं झोडतेत नं, तसा. दुरून आल्यासारखा."

सिस्टरनी इंजिन बंद केलं. "टॅपेट ढिले झाले," त्या म्हणाल्या, आणि जरा वेळानं, "तुले येते." कॉलेजात मला तोवर असं कुणी म्हटलं नव्हतं. त्या दिवशी मी त्यांच्यासोबत पहिल्यांदा दुपारचं जेवले.

"दुखनं अंगावर काढाचं नाही," हे त्यांचं सगळ्यांसाठी होतं. क्लचसाठी, गळक्या कौलासाठी आणि माझ्या खोकल्यासाठीही.

आणि रोज सकाळी, चहाच्याही आधी, शटर वर करून त्या जीप चालू करायच्या. जायचं कुठं नसे. थोडा वेळ इंजिन चालवायचं, कान देऊन ऐकायचं, बंद करायचं. रविवारी गल्लीबाहेर एक फेरी, तेवढंच. गल्लीतल्या लोकांना त्याची सवय झाली होती. मला मात्र कुतूहल होतं. चालवायची नाही तर रोज चालू कशाला करायची? एकदा धीर करून विचारलं.

"निरोप आला आन गाडी चालू नाही झाली तं?" त्या म्हणाल्या.

"आता कोनाचा निरोप येईन, सिस्टर?"

त्यांनी चावी काढली आणि चहा टाकायला गेल्या.

एका सुट्टीत मी गावी गेले. त्या जीपच्या बाकांवर पोरं जन्मल्याचं सिस्टर सांगत, म्हणून आईला विचारलं, मी कुठं जन्मले. आई हसली. "घरीच झाली तू. आरोग्य केंद्रात सांगावा धाडलता, पन गाडी आलीच नाही. सुईणीनं केलं सारं. बरं झालं, काही झालं नाही." यवतमाळला परत आल्यावर मी हे सिस्टरना सहज सांगितलं. मला वाटलं, गंमत वाटेल.

सिस्टर भाजी चिरत होत्या. त्यांनी आमच्या गावाचं नाव पुन्हा विचारलं. मग म्हणाल्या, "बंद अशीन तवा. लय वेळा बंद राहे." विळी बाजूला सारून त्या उठल्या, बैठकीत गेल्या आणि जीप चालू केली. दुपारची वेळ होती. जीप एका चावीत चालू झाली. त्या तिथंच सीटवर बसून राहिल्या. मी भाजी चिरून ठेवली.

निरोप कोणाचा येईल, हे मी त्यांना नंतर कधी विचारलं नाही.

सिस्टरचा पुतण्या पुण्याला नोकरी करतो. त्या त्याच्याबद्दल कधी वाईट बोलल्या नाहीत आणि मलाही त्याच्यात वाईट काही दिसलं नाही. तो आला तेव्हा त्यालाही जीपमध्येच बसवलं.

"आत्या, आता हे बघ," तो म्हणाला, "गाडीच्या नोंदणीची मुदत संपतेय. एवढ्या जुन्या गाडीला कशाला पुन्हा पास करायचं? भंगारात देऊ. ही बैठक मोकळी होईल, तू माणसासारखी खुर्चीवर बसशील."

"तू बसला नं, त्याच बाकड्यावर एकीले जुळे झालते," सिस्टर म्हणाल्या.

तो उठून समोरच्या बाकावर गेला.

"तिकडं बी झाले हायत."

त्यानं कप तसाच खाली ठेवला. निघताना बाहेर रस्त्यावर त्यानं मला थांबवलं आणि हळू आवाजात म्हणाला, "ती एकटी गाडीखाली शिरते. जॅक सरकला तर? तू कॉलेजात असशील. कुणाला कळेल?" मलाही ती भीती वाटायची.

शेवटी दोघांचं ठरलं. आरटीओत गाडी पास झाली आणि पुढच्या पाच वर्षांचा कागद मिळाला तर ती राहील, आणि मग तो पुन्हा विषय काढणार नाही. नाही झाली तर भंगार. सिस्टर एका शब्दात "चालते" म्हणाल्या. त्यांना भीती नव्हतीच. ब्रेक, दिवे, टायर, धूर, सगळं त्यांनी स्वतः तपासलेलं. इतकी निगा राखलेली गाडी नापास कशी होईल?

तपासणीच्या दिवशी त्या पांढरी इस्त्रीची साडी नेसल्या. मी शेजारच्या सीटवर बसले. जवळचं वाचायला त्यांना त्रास होई पण लांबचं चांगलं दिसे, आणि त्या गाडी चालवत अशा की मागं कुणी आडवं निजलंय. मैदानात तरुण इन्स्पेक्टर साहेब होते. त्यांनी दिवे पाहिले, ब्रेक पाहिला, बॉनेट उघडून पाहिलं आणि म्हणाले, "मॅडम, कोण ठेवतं हो एवढी स्वच्छ?" सिस्टरनी माझ्याकडं पाहिलं. मग साहेबांनी मदतनिसाला सांगितलं, "चेसिस प्रिंट घे."

गाडीच्या सांगाड्याच्या लोखंडावर तिचा नंबर कोरलेला असतो. त्यावर कागद धरून पेन्सिल आडवी घासली की नंबर कागदावर उमटतो, लहानपणी आम्ही नाण्याचा छापा घ्यायचो तसा. तो कागदपत्रांशी जुळावा लागतो. मदतनीस पुढच्या चाकाजवळ खाली शिरला. बराच वेळ आला नाही. आला तेव्हा त्याच्या हातातला कागद नुसता करडा होता.

"साहेब, नंबरच नाही."

"नीट बघ."

"पाह्यलं नं साहेब. सपाट हाय. वरून निळा रंग हाय, गुळगुळीत. हात फिरवला तं दरवाज्यावर फिरवल्यासारखा लागते."

साहेबांनी सिस्टरकडं पाहिलं. "मॅडम, नंबर कुठे गेला?"

"हाय तिथंच. रंगाखाली हाय."

"कसला रंग?"

तेव्हा मला सगळं कळलं, आणि बहुतेक सिस्टरनाही त्याच वेळी कळलं. दर दसऱ्याला त्या घराच्या दारा-खिडक्यांना ऑइलपेंट लावत. डब्यात रंग उरतोच. उरलेला वाया घालवायचा नाही म्हणून ब्रश घेऊन जीपखाली शिरत आणि सांगाडा रंगवून काढत, म्हणजे गंज धरणार नाही. दरवर्षी एक थर, आणि सगळ्यात जास्त प्रेमानं पुढच्या चाकाजवळ, कारण चिखल तिथं उडतो. इतक्या वर्षांच्या काळजीखाली गाडीचा नंबर बुजून गेला होता.

"मॅडम, नंबर वाचता येत नाही अशी गाडी मला पास करता येत नाही," साहेब म्हणाले. ते रागावले नव्हते, अवघडले होते. "नंबर दिसला पाहिजे. आणि घासून काढू नका. घासल्याच्या खुणा दिसल्या तर चोरीच्या गाडीचा संशय येतो. पुढची तारीख घ्या."

घरी आल्यावर सिस्टरनी जीप जागेवर लावली. मग पुतण्याला फोन लावला आणि जे झालं ते तसंच सांगितलं. तो म्हणाला, "आत्या, मग ठरल्याप्रमाणे..." सिस्टर म्हणाल्या, "नापास नाही म्हटलं साहेबानं. तारीख देल्ली. तारखेच्या दिवशी नंबर नाही निघाला तं तुह्या भंगारवाल्याले मीच चावी देईन."

कोपऱ्यावरच्या गॅरेजातले मिस्त्री बघायला आले. ते आणि सिस्टर एकमेकांना टोमणे मारत जगत होते. मिस्त्री खाली वाकून म्हणाले, "सिस्टर, ये तो दीवार रंगाई तुमने. ग्राइंडर आनतो, दो मिनटात साफ."

"आन मग नंबर कुठून आनशीन? तुह्या घरून?"

"मग पालिश पेपरनं हल्लूहल्लू..."

"मिस्त्री, जखमेले पट्टी चिकटली तं तुमी वढून काढता का?"

"मी काहून काढू? मी मिस्त्री हावो."

"म्हनूनच विचारलं. वढली तं खालचं कातडं येते संगं. पट्टी भिजवा लागते. भिजली का ते आपन होऊन सुटते."

आणि सिस्टरनी तेच केलं. कॉलेज सुटलं की मी घरी येई, जॅकच्या दोन्ही बाजूंना लाकडी ओंडके लावलेत ना ते पाही, आणि आम्ही दोघी जीपखाली आडव्या होऊ. त्या गॉजचा तुकडा रंग सोडवायच्या औषधात बुडवून नंबराच्या जागी ठेवत, वरून प्लॅस्टिक लावत म्हणजे सुकू नये. मग थांबायचं. हे थांबणंच मला कठीण जाई. त्या मात्र शांत पडून राहत. मग गॉज उचलला की रंगाची मऊ साल सुरकुतलेली दिसे. ती जीभ दाबायच्या लाकडी पट्टीनं, अगदी कडेकडेनं, सारायची. लोखंडाला लोखंड लागू द्यायचं नाही. मी उजेडासाठी बॅटरी धरे आणि पुसायला कोरडा गॉज देई. वास डोक्यात जाई. मला वाटे, मी काहीतरी मोठं शिकतेय, पण कुठल्या विषयात ते सांगता आलं नसतं.

निळा गेला तेव्हा खाली चॉकलेटी निघाला.

"हा तुह्या आधी खोलीत राह्यलेल्या पोरीच्या वेळचा," सिस्टर म्हणाल्या. "दिग्रसची होती. दिवसभर फोनवर. पन पास झाली."

चॉकलेटीखाली पिस्ता. "त्या वर्षी मोतीबिंदूचं आपरेशन झालं. दुकानदारानं काय देल्लं ते दिसलंच नाही. घरी येऊन पट्टी काढली तवा समजलं का दारं पिस्ता झाले."

मग पिवळा. मग एक गुलाबी.

"हा कोनत्या वर्षीचा?"

त्यांनी बराच वेळ पाहिलं. "आठवत नाही वं. गुलाबी दारं होते का आपले?" त्या खरंच विचारत होत्या. मी काय सांगणार? गुलाबी साल मात्र त्यांनी टाकली नाही, कागदावर वेगळी ठेवली आणि दुसऱ्या दिवशी शेजारणीला दाखवून आल्या. शेजारणीलाही आठवलं नाही.

थर उतरत गेले तशी मला एक गंमत वाटू लागली आणि काळजीही. सिस्टर प्रत्येक रंगाशी एवढ्या रमत की आपण कशासाठी हे काढतोय ते विसरतात की काय, असं वाटे. तारीख जवळ येत होती. पुतण्याचा फोन येई. सिस्टर म्हणत, "हिरव्यापाशी हावो."

हिरव्याखाली काळा निघाला. तो कारखान्यातला, मूळचा. त्यात पहिल्यांदा रेषा दिसल्या. मी ओरडले, "सिस्टर, आकडा!" आणि उठू गेले तर डोकं सांगाड्याला आपटलं.

"कोनता?"

"चार वाटते."

"वाटते नोको सांगू. पाह्य."

"चारच हाय."

त्यांनी डोळे मिटले. त्या दिवशी पुढं काही केलं नाही. म्हणाल्या, "आज पेशंटले आराम देऊ."

दुसऱ्या तपासणीला तेच साहेब होते, तोच मदतनीस. यावेळी छापा मी घेऊ का, असं मी विचारलं. माझा मलाच आवाज अनोळखी वाटला, मी असं पुढं होत नाही. साहेब "घ्या" म्हणाले. मी खाली शिरले, कागद दाबून धरला आणि पेन्सिल आडवी फिरवली. करड्यातून पांढरे आकडे वर आले. मी कागद बाहेर दिला. साहेब एकेक आकडा कागदपत्रांशी जुळवत गेले. शेवटच्याशी थांबले.

"हा तीन आहे की आठ?"

शेवटच्या आकड्यात जुना गंज बसला होता, छापा अर्धाच उमटला होता. मी पुन्हा घेतला. तसाच आला. साहेबांनी कागदपत्रं पाहिली, कागद उन्हात धरला. सिस्टरनी पर्स दोन्ही हातांनी धरली होती. मला वाटलं, आता साहेब "पुढची तारीख" म्हणतील, आणि पुढच्या तारखेपर्यंत पुतण्या थांबणार नाही.

साहेबांनी घड्याळ काढून मदतनिसाकडं दिलं आणि पांढऱ्या शर्टासकट जमिनीवर आडवे झाले. फक्त त्यांचे बूट बाहेर दिसत होते. आतून आवाज आला, "अंगठ्याला लागतंय. डावीकडून बंद आहे." थोडं थांबून, "आठ आहे. आठच आहे."

"साहेब," सिस्टर वाकून म्हणाल्या, "उठताना डोक्याले लागते तिथं. सांभाळून."

कागद मिळाला. साहेबांनी सही करताना एवढंच सांगितलं, "मॅडम, आता तिथे रंग लावू नका. पाच वर्षांनी पुन्हा हेच करायला लागू नये." सिस्टरनी मान हलवली. घरी आल्यावर पुतण्याचा फोन आला. त्या म्हणाल्या, "पास झाली." तिकडून तो काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. सिस्टर म्हणाल्या, "हो, जॅकसंगं ओंडके लावते. पोरीले विचार." आणि फोन माझ्या हातात दिला. मी त्याला ओंडक्यांचं सांगितलं. तो बराच वेळ नीट ऐकत राहिला आणि शेवटी "बरं" म्हणाला.

दसरा आला. दारा-खिडक्यांसाठी रंग घ्यायला आम्ही दुकानात गेलो. सिस्टरनी रंगांचं कार्ड माझ्यासमोर सरकवलं. "यंदा तू सांग."

मला ठरवता येईना. दुकानदार कंटाळला. शेवटी मी एका चौकोनावर बोट ठेवलं.

"जांभळा?" दुकानदार सिस्टरकडं बघून म्हणाला. "दरवाज्याले?"

"दरवाज्यालेच," सिस्टर म्हणाल्या. "पोरीनं सांगतलं नं."

दारं जांभळी झाली. मिस्त्री येऊन पोट धरून हसून गेले. डब्यात रंग उरला. मी बघत होते. सिस्टरनी डबा उचलला, ब्रश घेतला आणि जीपखाली शिरल्या. साहेबांनी नको म्हटलं होतं. पण उघडं लोखंड तसंच सोडणं त्यांच्या हाताला जमणार नाही, हेही मला माहीत होतं. त्यांना थांबवावं की नाही, ते मला ठरवता आलं नाही. खालून ब्रशचा आवाज येत राहिला, पुढच्या चाकाजवळ जरा जास्त वेळ.

"सिस्टर," मी शेवटी म्हटलं, "नंबर."

"थांब. वाळू दे."

आम्ही जीपच्या बाकावर बसून जेवलो. संध्याकाळी त्या पुन्हा खाली गेल्या आणि मला हाक मारली. मी आडवी होऊन सरकत त्यांच्या शेजारी गेले. सगळा सांगाडा जांभळा झाला होता आणि त्यात, नंबराच्या जागी, औषधाच्या दुकानातली पांढरी चिकटपट्टी लावलेली होती, कडेनं नीट दाबून. सिस्टरनी तिचं एक टोक नखानं उचललं. दुसऱ्या हातानं बाजूचा रंग अलगद दाबून धरला, जसं कातडं धरतात. पट्टी हळूहळू निघाली. खाली नंबर होता, उघडा.

त्यांनी बोटावर थोडं व्हॅसलीन घेतलं आणि आकड्यांवरून पातळ फिरवलं. "रंग नाही. मलम," म्हणाल्या. मग सरकत बाहेर गेल्या, कारण इतक्या जवळचं त्यांना वाचता येत नाही, आणि बाहेरून बॅटरीचा उजेड आत धरला.

"वाच."

मी पहिल्या आकड्यापासून मोठ्यानं वाचत गेले. प्रत्येक आकड्याला बाहेरून त्यांचं "हं" येत होतं.

"आठ," मी शेवटी म्हटलं.

"नीट पाह्य."

मी अंगठा लावून पाहिला. "आठच हाय, सिस्टर."

"हं," त्या म्हणाल्या. "ये आता बाहेर."